शेक संपले, त्यानंतरचं

ट्रीटमेंट संपली म्हणजे माणूस बरा झाला, असं नातेवाईक धरून चालतात. शेवटचा शेक (रेडिएशनला आम्ही शेकच म्हणतो) झाला त्या दिवशी आमच्या भावकीत पेढे वाटले गेले. मला त्यातला एकही खाता आला नाही, कारण नाकात नळी होती.

मला स्वरयंत्राच्या वरच्या भागाचा कॅन्सर झाला होता, तिसऱ्या स्टेजचा. पहिली तक्रार घशाची नव्हतीच. डावा कान ठणकायचा आणि कानाच्या डॉक्टरांना कानात काही सापडत नव्हतं. घशातलं दुखणं कानात उतरतं, हे तेव्हा कळलं. बिडीची सवय जुनी, त्यामुळे 'मलाच का' वगैरे विचारत बसलो नाही. परळला टाटा हॉस्पिटलात दोन वाटा सांगितल्या. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढायचं आणि पुढं कायम गळ्याच्या छिद्रातून श्वास घ्यायचा, नाहीतर रेडिएशन आणि केमो बरोबरच देऊन स्वरयंत्र वाचवायचं. माझं पोट आवाजावर. निफाड तालुक्यात एका बाजार समितीत मी कांद्याचे लिलाव पुकारायचो. दुसऱ्या वाटेनं जमण्यासारखं आहे असं डॉक्टरच म्हणाले आणि 2022 च्या उन्हाळ्यात सुरुवात झाली. सोमवार ते शुक्रवार रोज शेक, असे 35, म्हणजे किरणांच्या मापात 70 ग्रे, आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लाटिन हे केमोचं औषध. राहायला दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली, खर्च फुले योजनेत बसला. त्या सात आठवड्यांबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यापुढच्या काळाबद्दल कुणी बोलत नाही.

शेक थांबले की त्रास उतरणीला लागतो असं वाटतं. पहिले दोन आठवडे उलट वाढतो. आतलं सगळं सोलवटलेलं, थुंकी गोंदासारखी चिकट, रात्री उशाशी तांब्या आणि तस्त. बायको नळीतून दूध, पेज, गाळलेलं वरण द्यायची. मानेची कातडी काळी पडली आणि सापाच्या कातेसारखी निघाली. ते सगळं महिना-दीड महिन्यात निवळलं. नळी निघाली आणि घरच्यांना वाटलं, झालं.

आता गिळण्याचं सांगतो, कारण खरी गोम तिथंच आहे. नळी काढल्यावर सुरुवातीला चहाच्या प्रत्येक घोटाला ठसका लागायचा. पुढं ठसका कमी होत गेला, मग जवळजवळ थांबला. मी खूश. अधूनमधून संध्याकाळी अंगात कणकण यायची, छातीत कफ साठायचा, गावातले डॉक्टर अँटिबायोटिक द्यायचे, उतरायचा. फॉलोअपला स्पीच थेरपिस्ट मॅडमनी वजन पाहिलं, कफाचं ऐकलं आणि गिळण्याचा एक्स-रे काढायला पाठवलं. साधा नव्हे, चालता. खुर्चीत आडवं तोंड करून बसवतात, बेरियमचं पांढरं पाणी चमच्यानं देतात आणि 'गिळा' म्हणतात. समोरच्या पडद्यावर ते काळं दिसतं. मी गिळलं. जाड काळी रेघ मागून अन्ननलिकेत उतरली, आणि तिच्या पुढच्या अंगाला एक बारीक धागा श्वासनलिकेत सरकला. मला काहीही जाणवलं नाही. खोकला नाही, खवखव नाही. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचा ठसका बरा झालेला नाही. घशाची जाणीवच कमी झालीय." संध्याकाळच्या कणकणीचं कारण हेच होतं. पाणी थोडं थोडं फुप्फुसात जात होतं.

तिथून माझी गिळण्याची शिकवणी सुरू झाली. श्वास धरायचा, गिळायचं, गिळल्याबरोबर श्वास न घेता मुद्दाम खोकायचं, पुन्हा आवंढा गिळायचा आणि मगच श्वास. प्रत्येक घासाला. हनुवटी खाली झुकवून गिळलं की माझ्या बाबतीत धागा आत जात नाही, हेही त्यांनी पडद्यावरच पाहून ठरवलं. दुसऱ्या कुणाला मान एका बाजूला वळवायला सांगतात, तेव्हा माझं पाहून कुणी करू नये. शिवाय रोज व्यायाम. जिभेचं टोक दातांत धरून नुसता आवंढा गिळायचा (हा रिकाम्या तोंडानंच, घास घेऊन कधीही नाही). उताणं झोपून, खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायाची बोटं बघायची. ऐकायला किरकोळ वाटतं. करून बघा, मान थरथरते.

घशाचे स्नायू वापरले नाहीत तर शेकानं ते हळूहळू आखडत जातात, आणि हे आखडणं काही महिन्यांत संपत नाही, पुढं वर्षानुवर्षं चालतं. म्हणून व्यायाम आजही चालू आहे. सगळ्यांत अवघड वस्तू कोणती म्हणाल तर साधं पाणी. ते इतकं झटकन उतरतं की स्वरयंत्रावरचं झाकण मिटायला वेळच मिळत नाही. नाचणीची पेज, दाट ताक, मऊ खिचडी हे सावकाश उतरतं, म्हणून सोपं. आणि तोंडाला कोरड तर अशी की दर पाच मिनिटांनी पाणीच हवं. हा तिढा अजून सुटलेला नाही. लहान घोट, हनुवटी खाली, आणि बोलता बोलता प्यायचं नाही, एवढ्यावर निभतं.

कोरडीचं मूळ लाळेच्या ग्रंथीत. मानेच्या दोन्ही बाजूंना शेक मिळाल्यामुळे त्यांचाही बराच भाग भाजून निघाला. चव साधारण वर्षभरात बरीचशी परत आली, गोड सगळ्यांत उशिरा. लाळ तेवढी आली नाही. भाकरी आमटीत कुस्करून, काला करून जाते. पोहे कोरडे असले तर टाळूला चिकटतात. ठेचा लांबूनच. पंगतीत बसत नाही आता. माझा दुसरा घास होईपर्यंत वाढपी मठ्ठा घेऊन आलेला असतो, आणि माझ्यासाठी अख्खी ओळ ताटकळते. लग्नाला जातो, अक्षता टाकतो, घरी येऊन निवांत तास लावून जेवतो. यजमान रागावतात. रागावोत.

दातांकडे मात्र कानाडोळा करू नका. लाळ नसली की दात हिरडीच्या कडेला किडायला लागतात, आणि फार वेगानं. शेक सुरू होण्याआधीच माझ्या दोन खराब दाढा काढून जखम भरू दिली होती, ते यासाठीच. नंतर रोज फ्लोराइड लावायचं, प्रत्येक खाण्यानंतर मीठ-सोड्याच्या पाण्यानं चूळ. तरी पुढं एक खालची दाढ ठणकायला लागली. तालुक्याच्या गावी एका दंतवैद्याकडे गेलो, त्यांनी पाहिलं आणि इंजेक्शन भरायलाच घेतलं. मी म्हटलं, "थांबा, इथं शेक झालेत." ते म्हणाले, "दोन वर्षं झाली ना त्याला, काय होतंय." फाइलमधला कागद काढून पुढं ठेवला. शेक लागलेल्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी झालेला असतो, तिथं दात उपटला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडून कुजू शकतं, आणि हा धोका वर्षं उलटली म्हणून जात नाही. शेवटी परळहून विचारून रूट कॅनॉलवर भागवलं. तेव्हापासून शेकाचा भाग आणि डोस लिहिलेल्या कागदाची झेरॉक्स माझ्या पाकिटात असते.

थायरॉइडचं प्रकरण वेगळंच. दुसऱ्या वर्षी मी दिवसभर पेंगायला लागलो. मे महिन्यात अंगावर चादर. खाणं चिमणीएवढं आणि वजन वाढतंय. गावात 'अशक्तपणा' म्हणून सलाइन लावलं. बायको म्हणाली, "अहो, सगळं विचारता, हेही एकदा विचारा की." फॉलोअपला विचारलं, तर रक्तात टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉइड मंद. गळ्याला शेक घेतलेल्या पुष्कळ जणांची थायरॉइड ग्रंथी पुढच्या काही वर्षांत मंदावते, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी ही रक्ततपासणी करायची असते. गोळी सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा तास. दोनेक महिन्यांत माणसात आलो. गोळी बहुतेक आता जन्माची.

सिस्प्लाटिननं कानात बारीक किरकिर ठेवून दिलीय, रात्री जास्त. तिची सवय झाली. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट जायचा, त्यानं मात्र घाबरगुंडी उडाली होती. शेकानंतर काही महिन्यांनी काही जणांना असं होतं आणि आपोआप जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तसंच झालं. हनुवटीखाली दाढी उगवत नाही. ब्लेड जास्त दिवस पुरतं, हा एकच नफा.

हनुवटीखाली सूज आली तेव्हा घरात कुणी जेवलं नाही. सगळ्यांना वाटलं, गाठ परत आली. ती सकाळी उठल्यावर पिशवीसारखी लोंबायची, संध्याकाळपर्यंत उतरायची. गळ्यातल्या लसिकेच्या, म्हणजे साठलेलं पाणी वाहून नेणाऱ्या, वाटा शेकानं बिघडल्या की पाणी असं साठतं. फिजिओथेरपिस्टनी मालिश शिकवलं: अगदी हलका हात, कातडी फक्त सरकेल इतकाच, आणि सुरुवात सुजेवर नव्हे तर गळ्याच्या हाडाच्या वरून आणि काखेतून, म्हणजे आधी पुढची वाट मोकळी. मऊ आहे, दिवसात कमीजास्त होते, ती सूज. टणक, जागची न हलणारी, वाढत जाणारी असेल तर तारखेची वाट पाहायची नाही. पुन्हा कान ठणकणं, थुंकीत रक्त, श्वासाला घरघर, काल जात होता तो घास आज अडकणं, कारणाशिवाय वजन उतरणं, यांपैकी काहीही दिसलं तरी तसंच.

तारखांचं म्हणाल तर आजार उरलाय का ते दाखवणारा पहिला पेट स्कॅन शेक संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी. त्याआधी केला तर शेकाची जळजळच स्कॅनमध्ये चमकते आणि उगाच धसका बसतो. पहिल्या वर्षी दर एक-दोन महिन्यांनी बोलावलं, मग तीन, मग चार, आता सहा. आजार उलटायचाच असला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, म्हणून सुरुवातीला तारखा दाट. नाकातून बारीक दुर्बीण घालतात, 'ई' म्हणायला लावतात, मान चाचपतात, आणि झालं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला तपासणीच्या प्रवासालाही सवलत आहे: स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ, बसायच्या डब्यात पाऊण. सोबतच्या माणसालाही पाऊण सवलत मिळते. हॉस्पिटलातून फॉर्म मात्र आधी भरून घ्यावा लागतो.

ओपीडीला गर्दी असते, हे कुणाला सांगायला नको. डॉक्टरांची नजर गाठ शोधत असते आणि शोधावीच. 'क्लिअर आहे' हे शब्द कानावर पडले की आपण उठून चालायला लागतो, गिळणं-दात-मान-थकवा तोंडातच राहतं. म्हणून मी चिठ्ठी नेतो. वर मोठ्या अक्षरांत प्रश्न, खाली चालू गोळ्या. धर्मशाळेत ओळख झालेले यवतमाळकडचे एक जण होते, टॉन्सिलचा आजार. दुर्बीण दर वेळी स्वच्छ, पण तोंड उघडेना. तीन बोटं उभी आत जायला हवीत, त्यांची दीडच जायची. हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरून रोज एकेक काडी वाढवायची, हा उपाय त्यांना फार उशिरा मिळाला. आता दोन बोटांच्या वर जातात म्हणे.

आवाज वाचला, पण पूर्वीचा नाही. घोगरा, दुपारनंतर बसणारा. ट्रॅक्टरच्या रांगेत व्यापाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून बोली चढवत न्यायची, तर शेवटच्या माणसाला ऐकू जायला हवं. वर कांद्याच्या पापुद्र्यांची धूळ. दोन दिवस करून पाहिलं, तिसऱ्या दिवशी सचिवांनीच वजनकाट्यावर बसवलं. काटापट्टी लिहून द्यायची, बोलायचं काम नाही. शेतकरी येतात, "नाना, तुमच्याशिवाय भाव चढत नाही" म्हणतात. ते खोटं आहे, भाव आवकेवर चढतो. पण ऐकायला बरं वाटतं.

पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे. या खेपेच्या चिठ्ठीवर पहिला प्रश्न पायलोकार्पिनचा. लाळ वाढवणारी गोळी आहे, पण तिनं घाम फार येतो आणि दमेकऱ्याला देताना जपावं लागतं, आणि मला लहानपणापासून धाप आहे. दुसरा प्रश्न उजव्या खांद्याचा, हात वर जाताना अडकतो. तिसरा बायकोनं माझ्या नकळत लिहिलाय: 'घोरणं वाढलंय, ते यातलंच का?'