तळ उघडा पडतो तेव्हा

ठाण्यात तळी बघायला माणसं पावसाळ्यात निघतात. उपवनला भाजलेलं कणीस, तलावपाळीला संध्याकाळची चक्कर, काठोकाठ पाणी, मागे येऊरचा हिरवा डोंगर. मे महिन्यात तळ्याकडे मुद्दाम कोण जातो? पाणी आत सरकलेलं असतं, कडेचा चिखल भेगाळलेला असतो, आणि वासाबद्दल न बोललेलं बरं. पण ज्याला गरवायचा, म्हणजे गळाने मासे धरायचा नाद आहे त्याने वर्षातून एकदा जायचं तर तेव्हाच जावं, आणि गरी घरी ठेवून जावं.

भरलेलं तळं सगळीकडून सारखंच दिसतं. मग आपण जिथे सावली आणि बसायला बरा दगड मिळेल तिथे गळ टाकतो, म्हणजे जागा आपल्या सोयीने निवडतो. माशाचा हिशोब खालच्या जमिनीवर चालतो. उतार कुठे एकदम तुटतो, जुन्या ओढ्याचा पाट कुठून गेलाय, मुरूम कुठे संपतो आणि गाळ कुठे सुरू होतो. एरवी हे गळाच्या दोरीला वजनासाठी लावलेलं शिसं टाकून चाचपडावं लागतं. मुरमावर शिसं खडखडत येतं, गाळात मुकाट रुततं, आणि बोटावर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, धरून हा फरक ओळखायला वर्षं जातात. मे महिन्यात तो नुसता दिसतो.

पहिले नजरेत भरतात ते चिलापी (तिलापिया) माशाचे खड्डे. उथळ कडेला जेवणाच्या ताटाएवढे गोल, एकाला एक लागून. विणीच्या वेळी नर हे खड्डे उकरतो, मादी तिथे अंडी घालते आणि ती तोंडात घेऊन निघून जाते. पिल्लंही तिच्या तोंडातच सांभाळली जातात. हा मासा मूळचा आफ्रिकेचा, १९५२ साली भारतात आणला गेला, आणि आता त्याच्याशिवाय तळं सापडणं मुश्कील. चवीला बेताचा, हावरट, पण नवशिक्याची लाज राखणारा. खड्ड्यांची रांग जिथे संपते आणि जमीन खाली उतरते ती कड लक्षात ठेवायची.

रोहू, कटला, मृगळ यांचे मात्र असले पत्ते मिळत नाहीत. ही मंडळी साठलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. शहरातल्या तळ्यातला रोहू म्हणजे बीज, म्हणजे माशाची पिल्लं, आणून सोडलेला. तेही सहज मिळू लागलं ते १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणल्यानंतर. तेव्हा तळावर रोहूचं घर शोधू नये, त्याचा जाण्यायेण्याचा रस्ता शोधावा. मृगळ तळाचं खातो, त्याच्यासाठी ही सगळी पाहणी सोन्याची. कटला वरचं खातो. नुसता कटल्याच्या मागे असलेला माणूस मला हसेल, आणि ते चालण्यासारखं आहे.

आमच्या तळ्यात एका जुन्या झाडाचा बुंधा आहे. पावसाळ्यात तो दिसत नाही, फक्त गळ अडकतात. मे महिन्यात बघितलं तर त्याच्यावर शिसं, गळ आणि तंगुसाची जाळी लटकलेली, माझीही आणि न जाणो कुणाकुणाची. शिसं मी काढून घेतो, पुन्हा वापरता येतं. जरा पुढे विसर्जनाचा तळ सुरू होतो: नारळ, लोखंडी सांगाडे, प्लास्टरचे हात. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही हे वाचलेलं असतं, पण कानाचा आणि मुकुटाचा तुकडा चिखलात शेजारी शेजारी पडलेला बघितला की कृत्रिम तलावाबद्दल वाद घालायची इच्छा उरत नाही. आणि स्वार्थाचं सांगायचं तर त्या पट्ट्यात गळ टाकणं म्हणजे गळ दान करणं.

हे सगळं वाकून बघत फिरणाऱ्या माणसाचं काहीतरी हरवलंय अशी लोकांची ठाम समजूत असते. रखवालदार वरून ओरडतो, "काका, चावी पडली काय?" नाही म्हटलं तर तो आणखी काळजीत पडतो. "मग वर या ना, चिखल आतून ओला आहे." त्याचं बरोबर आहे. वाळलेली खपली वरून दगडासारखी दिसते आणि पाय ठेवला की घोटा आत. त्यामुळे मी कडेकडेनेच फिरतो.

जागा लक्षात ठेवायची जुनी रीत दोन खुणा एका रेषेत धरायची. देवळाचा कळस आणि त्यामागचा विजेचा मनोरा, अशा दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपला खड्डा. रीत उत्तम आहे, फक्त ठाण्यात ती टिकत नाही. मनोऱ्याच्या आड तीस मजले उभे राहिले की रेषा गेली. आता मी सरळ फोनवर फोटो काढतो, जागेच्या खुणेसकट. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं उघडून त्यातलं मे महिन्यातलं चित्र मिळालं तर ओढ्याचा पाट घरबसल्या सापडतो. मात्र गाळ उपसला की सगळा नकाशा रद्द. आणि काठाला उभी भिंत बांधून जिथे सुशोभीकरण झालंय तिथे उथळ कडच उरत नाही. चिलापीलाही नाही आणि मलाही नाही.

खाडीवरच्या कोळ्यांना या उद्योगाचं हसू येत असेल. त्यांना तळ रोज दोनदा दिसतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला साधारण तीन वाजता, आणि तिथून सहा तासांनी ओहोटीत चिखल उघडा. कुठल्या वळणावर खड्डा आहे हे तिथल्या पोराला पाठ असतं. आम्हा तळ्यावाल्यांना मात्र हे दर्शन वर्षातून काही आठवडेच.

त्या आठवड्यांत गरवू नये, असं माझं मत आहे. उरलेल्या डबक्यात सगळे मासे गोळा झालेले असतात. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, पहाटे तर फारच कमी, आणि मासे तोंडं वर काढून आ वासत असतात. तिथे मासा मिळण्यात कसलं आलंय कसब? तसंच पहिल्या पावसातल्या वलगणीचं. पोटात अंडी घेऊन प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे टोपल्या लावून धरायची मजा मला कळते, पण माझा हात होत नाही.

गणपतीच्या आसपास पाणी निवळतं, तेव्हा माझे फोटो कामाला येतात. बुंध्याला वळसा घालून, मुरमाची कड संपते तिथे कणकेची गोळी उतरवायची. मासा दर वेळी मिळतो असं नाही, पण रिकाम्या जागेवर दुपार घालवली असं वाटत नाही. परवा शेजारचा कॉलेजातला मुलगा विचारत होता, "काका, तुम्ही नक्की कुठे बसता?" त्याला मी चिलापीचे खड्डे दाखवले, गाळ-मुरमातला फरक समजावला, शिशाचं वजनही सांगितलं. बुंध्याचं नाव काढलं नाही. एवढ्या मोठ्या लेखात तळ्याचं नाव का आलं नाही, हे गरवणाऱ्यांना सांगायला नको.