बिनडोक्याची गिटार: पाच बसले, सहावा बाहेर

गिटार वाजते आहे, सुरात आहे, सगळं खरं. पण पितळेचे सहा ठोकळे डोळ्यांसमोर आले की अजूनही डोकं तापतं. बोटाच्या पेराएवढे सहा ठोकळे आणि दहा आठवडे! नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दिलेलं काम दसरा होऊन गेल्यावर हातात आलं.

जूनमध्ये पुण्याहून कोल्हापूरला येताना एसटीच्या रॅकवरून माझी जुनी गिटार खाली आली आणि मानेचं वरचं टोक, जिथे खुंट्या असतात ते डोकं, नटाच्या (तारा ज्या खाचांतून मानेवर येतात त्या पट्टीच्या) वर मोडलं. बाकी मान शाबूत होती. फ्रेट जागच्या जागी, नट जागेवर, आणि ट्रस रॉडची (मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या दांड्याची) चावी नशिबाने खालच्या टोकाला. लोक म्हणाले, चिकटवून घे. मी म्हटलं, नाहीच लावायचं डोकं. बायको म्हणाली, "गिटार बिनडोक्याची होईल हे कळलं. बनवणाऱ्याचं काय?"

कल्पना माझी नाही. अमेरिकेत नेड स्टाइनबर्गर नावाच्या, मूळ फर्निचर डिझाइन करणाऱ्या माणसाने 1980च्या सुमाराला डोकं नसलेला बास बाजारात आणला. तारा ताणायची यंत्रणा त्याने खाली, घोडीपाशी नेली. स्वीडनमध्ये ओला स्ट्रँडबर्गने 2007च्या आसपास हाच प्रयोग छंद म्हणून सुरू केला आणि आज त्याच्या गिटारी जगभर जातात. दोघांनाही डोकं फक्त ओझं वाटलं. एसटीने फिरणाऱ्या माणसाला तर वाटतंच.

लाकडासाठी मिरजेला गेलो. तिथे सतारमेकरांकडे तुणीचं जुनं, वाळलेलं लाकूड मिळतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गिऱ्हाइकं वाढली म्हणाले, पण गिटारीसाठी लाकूड मागणारा मी त्या दुकानात पहिलाच होतो. एका वयस्कर कारागिरांना मोबाइलवर चित्र दाखवलं आणि जरा तोऱ्यातच सांगितलं की ह्यात सूर खालून लावतात. त्यांनी चष्मा वर केला, शेजारचा तंबोरा आडवा घेतला, घोडीच्या खालचा मणी दोन बोटांनी सरकवला. सूर केसभर चढला. "मणी खालीच असतोय की," म्हणाले, आणि तंबोरा परत ठेवला. माझ्या नव्या कल्पनेचं पुढे काय बोलणार!

अंग कापणं, मानेची खाच (16 मिलिमीटर खोल, 56 रुंद, ह्या जातीच्या मानेला हीच चालते), आवाज पकडणाऱ्या पिकअपचे खड्डे, वायरिंग हे सगळं तीन रविवारांत झालं. मेहुण्याचा लाकूड कोरायचा राउटर आणला होता. भुसा शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेला, त्यावरून जे झालं ते इथे नको. एवढंच सांगतो की राउटरने एका दमात खोल जाऊ नका, दोन-तीन मिलिमीटरच्या थरांनी जा.

आता घोडी. बिनडोक्याच्या गिटारीत सगळा खेळ तिथेच असतो. तयार सेट बाहेरून मागवता येतो, पण ड्युटी धरून किंमत माझ्या अख्ख्या लाकडाच्या चौपट होत होती. शिवाय कोल्हापुरात राहून, वर्कशॉपांची वस्ती असलेलं उद्यमनगर दहा मिनिटांवर असताना, सहा ठोकळे चीनमधून मागवायचे म्हणजे अपमानच. जिथे अख्ख्या साखर कारखान्याचे रोलर टर्न होतात तिथे माझे सहा ठोकळे काय! हा माझा पहिला गैरसमज.

रचना साधी होती. अॅल्युमिनियमचा पन्हाळीसारखा चॅनेल, त्यात शेजारी शेजारी सहा ठोकळे, तार संपते तिचा मणी ठोकळ्याच्या खोबणीत अडकतो. ठोकळ्यात एम-4चे (चार मिलिमीटर बोल्टचे) आटे, त्यात मागच्या पट्टीतल्या भोकातून बोल्ट, बोल्टच्या टोकाला खरबरीत गुंडी. गुंडी फिरवली की ठोकळा मागे सरकतो आणि तार ताणली जाते. दोन तारांमधलं अंतर 10.5 मिलिमीटर. मी ग्राफ पेपरवर काढलं, बँकेतल्या झेरॉक्सवर तीन प्रती केल्या, 12 मिलिमीटरचा फूटभर पितळी चौरस बार घेतला आणि एका वर्कशॉपमध्ये गेलो. नाव सांगत नाही, मालक साठीचे, हात सोन्याचा, हे सगळं उद्यमनगर सांगेल.

"आठ दिवसांनी या," काका म्हणाले.

आठ दिवसांनी गेलो. बार जिथे ठेवला होता तिथेच, लेथच्या खाली, चहाच्या ग्लासांशेजारी. "उद्या या की साहेब." त्या 'उद्या'चं काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी खरोखर दुसऱ्या दिवशी जायचो. कार्यालयातून अर्धा तास लवकर निघून, व्यवस्थापकाला खोटं सांगून. तिसऱ्या आठवड्यात कळलं की 'उद्या' म्हणजे 'आज नाही', एवढंच. पाचव्या आठवड्यात गणपती. त्यानंतर कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर, म्हणजे गेल्या हंगामाचे झिजलेले शाफ्ट, बुश, पंप सगळे एकदम दुरुस्तीला. दारात ट्रॅक्टर उभा, त्यावर माझ्या उंचीचा शाफ्ट, आणि मी हातात झेरॉक्स घेऊन विचारतोय, काका, माझे ठोकळे?

"साहेब, कारखाना बंद पडला तर ऊस वाळतोय. तुमची गिटार वाळत्या का?"

ह्याला उत्तर नाही. पण मग पहिल्या दिवशीच 'दिवाळीनंतर या' म्हणायला काय जात होतं? मी दुसरीकडे गेलो असतो. गेलो नसतो बहुतेक, पण निदान रोज तिकडे गाडी तरी वळवली नसती. छोटं काम घेऊन जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे, हंगाम बघून जा. कारखान्यांची धुराडी पेटली की ही गर्दी ओसरते, तेव्हा काम टाका. पावसाळ्याच्या शेवटी अजिबात नको. आणि फोनवर विचारू नका, फोनवर सगळ्यांचं काम 'झालंच' असतं.

खंडेनवमीला गेलो, कारण त्या दिवशी सगळे जागेवर असतात. मशिनं धुतलेली, लेथच्या चकला झेंडूची माळ, व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मापाची हत्यारं पाटावर मांडलेली, नारळ फोडलेला. खाली बघितलं तर माझा पितळी बारही पुसून पाटावर ठेवलेला. त्याला हळदकुंकू, वर एक झेंडूचं फूल. कापलेला मात्र नव्हता. काकांनी हातावर पेढा ठेवला. रागावणार कसं? पेढा खाल्ला आणि घरी आलो.

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी ठोकळे मिळाले. सुंदर काम. कडा मोडलेल्या, आटे स्वच्छ, मापाला मी व्हर्निअर लावला तर एकेक ठोकळा 10.5, फार तर पाच शतांश इकडे तिकडे. तिथेच चॅनेलमध्ये घालायला घेतले. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावा बाहेर.

काकांनी चॅनेल उजेडाकडे धरला, मग माझा कागद धरला. चॅनेल आतून 63, ठोकळे सहा, दर ठोकळा 10.5. सहा गुणिले साडेदहा त्रेसष्ट. गणित बरोबर. "कागदावर मावतंय," काका म्हणाले. "ह्यात वारं जायला जागा ठेवली न्हाई तुम्ही."

दहा आठवडे मी ज्या माणसावर चडफडत होतो त्याने मी काढलं तस्संच करून दिलं होतं. तारांमधलं अंतर 10.5 हवं म्हणून मी ठोकळाही 10.5 काढला होता. सरकायचे असतील तर दोन ठोकळ्यांमध्ये फट लागते, ही गोष्ट सातवीतल्या पोरालाही कळेल. हवा होता ठोकळा 10.2 आणि त्यांच्या मध्यांमध्ये 10.5. मध्य राखायचं काम मागची पट्टी आणि तिच्यातली भोकं करतात, ठोकळ्यांनी एकमेकांना चिकटून उभं राहायची गरजच नाही. पण एक बोलतो, मापं बघून काम करणाऱ्या माणसाला दहा आठवड्यांत एकदा तरी कागद नीट बघावासा वाटला असता, तर? त्यांनी तो बघितला तो कापायच्या दिवशीच. तरीही, चूक माझी. आणि राग माझाच, तोही अजून आहे.

"ठेवून जा, तीन दशांश काढून देतो. उद्या या."

मी ठोकळे खिशात टाकले आणि निघालो.

काचेच्या तुकड्यावर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, थोडं पाणी, आणि एकेक ठोकळा घासत बसलो. रविवार दुपार आणि सोमवारची रात्र गेली. दोन्ही बाजूंनी सारखं, दीड दीड दशांश काढायचं, नाहीतर बोल्टचं भोक मध्यावर राहत नाही. आठाचा आकडा काढल्यासारखा ठोकळा फिरवायचा, दर पन्नास फेऱ्यांनी बाजू बदलून पकड बदलायची, आणि दर दोनशेला व्हर्निअर. शेवटच्या ठोकळ्याला कंटाळलो आणि सगळं एकाच बाजूने काढलं. ते अजून दिसतं.

मग तारा चढवल्या आणि दुसरं लफडं. सहा तारांचा मिळून ताण 45 किलोच्या वर जातो, एकेकीवर सात-आठ किलो. गुंडीखाली मी साधे वॉशर घातले होते. जाड तारा कशाबशा लागल्या, पातळ तारेला वरचा सूर येईपर्यंत अंगठ्याची सालं निघाली. पक्कड लावली तर गुंडीचा खरबरीतपणाच गेला. उपाय उद्यमनगरातच होता, वर्कशॉपमध्ये नाही, बेअरिंगच्या दुकानात. चार मिलिमीटर भोकाची छोटी थ्रस्ट (दाब सोसत फिरणारी) बेअरिंगं, सहा नग तीनशेच्या आत, वर थोडं ग्रीस. दोन मिनिटांत मिळाली! गुंडी आता लहान पोरगंही फिरवेल.

आट्यांचा विचार मी आधी केला नव्हता, तुम्ही करा. एम-4चा बोल्ट एका फेऱ्यात 0.7 मिलिमीटर सरकतो. दहा नंबरच्या (नंबर म्हणजे इंचाच्या हजारांशात जाडी) पहिल्या तारेला सूर येईपर्यंत जवळपास 5 मिलिमीटर ताणावं लागतं, म्हणून तिच्यावर एक फेरा म्हणजे एका फ्रेटहून थोडा जास्त फरक. पण सतरा नंबरची साधी तिसरी तार दोन मिलिमीटरच्या आतच सुरात येते. तिच्यावर तोच एक फेरा तीन फ्रेटांइतका पडतो! ती लावताना श्वास रोखावा लागतो. पुन्हा केली तर अर्ध्या मिलिमीटरचे बारीक आटे घेईन. आणि ठोकळ्याला सरकायला किमान 12 मिलिमीटर जागा ठेवा. तार वर अडकवण्याआधी ठोकळा अगदी पुढे आणा आणि तार पकडीने घट्ट ओढून धरा, ढिली राहिली तर ठोकळा मागे टेकतो आणि सूर खालीच राहतो. माझं पहिल्या दिवशी हेच झालं, बेअरिंगच्या आधी.

वरच्या टोकाला, नटाच्या मागे, तारा स्क्रूने आवळाव्या लागतात. अॅलन स्क्रू सरळ तारेवर आवळू नका. माझी तिसरी तार तिथेच कापली गेली. मध्ये पितळेची चकती घाला. उरलेल्या बारमधून मीच कापल्या, करवतीने, कोणाकडे न जाता. घोडीखालून अर्थिंगची एक वायर कंट्रोलच्या खड्ड्यात न्यायची, हेही विसरलो होतो. अॅम्प लावला की मधमाश्यांचं पोळं. घोडी काढून भोक पाडावं लागलं, तेव्हा कुठे थांबलं. बारावा फ्रेट आणि मोकळी तार ह्यांचे सूर जुळवायला ह्या मानेला घोडी नटापासून 647.7 मिलिमीटरवर धरा, पण जाड तारांना दोन-चार मिलिमीटर मागे जाता येईल अशी सोय ठेवा.

वजन 2 किलो 400 ग्रॅम भरलं. मागच्या महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा एसटीत मांडीवर घेऊन बसलो, शेजारच्यांनी विचारलं, वीणा आहे का. दोन गोष्टी कोणी सांगत नाही. क्लिपचा ट्यूनर लावायला डोकंच नसतं, तो आता अंगाच्या शिंगाला लावतो आणि तो निम्मा वेळ ऐकत नाही. आणि दुकानातला भिंतीवरचा हूक निरुपयोगी, गिटार त्यातून सरळ खाली येते.

काकांनी बिल 900 रुपये घेतलं, चॅनेलचं मिलिंग धरून. त्यात हिशोब कुठला लावला मला कळलं नाही. गेल्या आठवड्यात त्या रस्त्याने जाताना त्यांनी हाक मारली, त्यांच्या पुतण्यालाही असला सेट हवा आहे, ड्रॉइंग द्या म्हणाले. मी दिलं. 10.2 लाल शाईत, खाली दोन रेघा. कधी होईल म्हणून पुतण्याने माझ्यासमोरच विचारलं.

"उद्या ये की," काका म्हणाले.