तुम्हाला कसला ताण?

"तुम्ही पेशंटला हातही लावत नाही, मग तुम्हाला कसला ताण?" असे मला, रुग्णालयाच्या प्रशासकाला, नातेवाईक विचारतात आणि आमच्याच रुग्णालयातले तरुण डॉक्टरही विचारतात. दर वेळी मी महात्मा फुले योजनेची अडकलेली बिले आणि रात्रपाळीला न आलेल्या सिस्टर एवढे सांगून विषय आटोपते. ते खोटे नाही. पण तो ताण सुटीच्या दिवशी उतरतो.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मधल्या एका रात्री दीड वाजता मी सिलिंडरच्या खोलीत उभी होते. वॉर्डबॉय भरलेल्या जम्बो सिलिंडरवर खडूने फुली मारत होता. फुल्या बावीस झाल्या. एका जम्बोत सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो आणि हाय-फ्लोवरच्या (नाकावाटे जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावरच्या) एका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत लागतो, म्हणजे एक सिलिंडर त्याला दोन तासही पुरत नाही. आमच्याकडे असे चौघे होते, शिवाय मास्कवरचे एकतीस. तासाला चारहून अधिक सिलिंडर जात होते आणि पुरवठादाराची गाडी सहाला येणार होती. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. मुलाने वडिलांचे ऑक्सिमीटर लावलेले बोट माझ्यापुढे धरले : ७१. खाट रिकामी होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि मी म्हणाले, "ऑक्सिजन नाही."

"मॅडम, दोन तास तरी ठेवा हो," एवढेच तो म्हणाला. मग रिक्षा वळली. मी नावही विचारले नव्हते, त्यामुळे पुढे शोधही घेता आला नाही.

गाडी पाच वाजून दहा मिनिटांनी आली, तेव्हा सहा सिलिंडर भरलेले होते. त्या गृहस्थांना हाय-फ्लोवर घेतले असते तरी तोवर दोनच जास्त लागले असते. त्या रात्रीची मी यावर सांगते, की त्याच आठवड्यात गाडी दोनदा चार-चार तास उशिरा आली होती आणि आत पस्तीस जीव होते. तिचे म्हणणे मला खोडता येत नाही, आणि मान्यही करवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात 'बर्नआउट'चे, म्हणजे कामाने पार गळून जाण्याचे, कारण, कामाच्या ठिकाणचा, नीट व्यवस्थापन न झालेला दीर्घकाळचा ताण, असे दिले आहे. त्यातला 'व्यवस्थापन' हा शब्द मला फार लागला. कुठल्या रजेने आणि कुठल्या शिबिराने त्या बावीस फुल्यांचे व्यवस्थापन करायचे होते?

उपचारांचे निर्णय डॉक्टर घेतात, हे मला मान्य आहे. मग त्या रात्री त्यांनी माझ्याकडे का पाहिले, हे एकदा त्यांनाही विचारा.