दिवा लागला, लॉक लागला नाही

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दीडच्या सुमारास, नागपूरजवळच्या वाडीतील माझ्या गॅरेजमध्ये फोन वाजला. कन्हान नदीच्या पात्रात सर्वेक्षण करणाऱ्या एका पथकाची फोर बाय फोर कॅम्पर गाडी रेतीत फसली होती. तिला मागच्या एक्सलचा, दोन्ही चाके एकत्र फिरवणारा, हवेवर चालणारा डिफ लॉक आणि बोनेटखालचा कॉम्प्रेसर जानेवारीत मीच बसवून दिला होता. चालक म्हणाला, "भाऊ, कॉम्प्रेसर बंद पडला अन् लॉकपण लागून नाही राह्यला. दिवा तर लागून राह्यला ना!"

दिवा लागतो पण लॉक लागत नाही, हे ऐकल्यावर दोष गाडीचा नसून बहुधा आपल्या कामाचा आहे, ही शंका मला तिथेच आली. कामठी मार्गे पोहोचेपर्यंत तीन वाजले. उन्हाची धग इतकी होती की पात्रातील रेतीवर चपलेतूनही पाय टिकत नव्हता.

घडले होते ते असे. सकाळी रेतीत उतरण्यापूर्वी चालकाने चारही टायरची हवा ३२ पीएसआयवरून १८ वर आणली होती. ते बरोबरच होते, कारण हवा कमी केली की टायर पसरतो, रेतीवरचा भार विभागला जातो आणि गाडी रुतत नाही. पलीकडच्या पक्क्या रस्त्यावर पोहोचून त्याने पुन्हा हवा भरायला घेतली. मागचे दोन टायर भरून झाले आणि तिसरा अर्ध्यावर असताना कॉम्प्रेसर एकाएकी गप्प झाला. जवळपास पंक्चरचे दुकान नव्हते, तेव्हा आल्या वाटेने परत जावे असे ठरले आणि मागचे टायर कडक असलेली ती गाडी पात्रात शंभर फुटांच्या आतच फसली. एक चाक गरगर फिरून खड्डा करू लागले, तेव्हा त्याने लॉकचे बटण दाबले. डॅशबोर्डवर दिवा उजळला. एक्सलमध्ये मात्र काहीच हलले नाही.

मी बोनेट उघडले. कॉम्प्रेसर बॅटरीच्या बाजूला, एक्झॉस्टच्या नळीपासून जेमतेम वीतभर अंतरावर होता. जागा माझीच निवड. ब्रॅकेटवर तापमापकाचा लाल ठिपका धरला तर ८४ अंश दिसले, आणि तोवर इंजिन बंद होऊन बराच वेळ झाला होता. मोटरमधील थर्मल कटआउटने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडली होती, म्हणजे त्याने आपले काम चोख केले होते. कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीवरचा काटा मात्र ३० पीएसआयच्या आसपास स्थिर होता आणि ते पाहून मला सगळा उलगडा झाला. चालकाने होज तिसऱ्या टायरला लावलेलाच ठेवला होता, त्यामुळे चार लिटरच्या टाकीतील हवा टायरमध्ये शिरत राहिली आणि टाकी व टायर यांचा दाब एकसारखा झाला. या लॉकचा पिस्टन नीट सरकायला ८५ पीएसआय तरी लागतात. त्याला हवा चमचाभर पुरते, पण ती दाबाची लागते. टायरला दाब कमी लागतो, पण हवा भरपूर लागते. या दोन वेगळ्या गरजा मी एकाच टाकीतून, मध्ये काहीही आडवे न ठेवता, भागवायला निघालो होतो. दिवा उजळला, कारण बटणाने सोलेनॉइडला, म्हणजे लॉककडे हवा सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हला, वीज दिली होती. पुढे हवा पोहोचली का, हे त्या दिव्याला कळण्याची सोयच मी केलेली नव्हती.

उपाय सोपा, पण कंटाळवाणा होता. बोनेट उघडे ठेवून ओला दुपट्टा ब्रॅकेटवर टाकला (कॉम्प्रेसरच्या तापलेल्या डोक्यावर थेट पाणी ओतू नये, तडा जातो), मागचे टायर पुन्हा १८ वर आणले, फावड्याने चाकांपुढची रेती काढली आणि पंचवीस मिनिटे थांबलो. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर होजचा कॉक बंद ठेवून टाकी ९० वर नेली, चाके पूर्ण थांबलेली असतानाच बटण दाबले आणि मागून 'खट्' असा आवाज आला. गाडी एकाच दमात वर आली.

दुसऱ्या दिवशी जुना कॉम्प्रेसर काढून टेबलावर ठेवला आणि जे जानेवारीत करायला हवे होते ते गणित केले. त्या टायरच्या पोटात साधारण ५८ लिटर हवा मावते. १८ वरून ३२ वर जाणे म्हणजे १४ पीएसआय वाढवणे, आणि १४.७ पीएसआय म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब, तेव्हा प्रत्येक टायरमागे सुमारे ५५ लिटर, चारांना २२० लिटर बाहेरची हवा दाबून घालायची. कॉम्प्रेसरच्या खोक्यावर मिनिटाला ७० लिटर छापलेले होते, पण तो आकडा नळी मोकळी असतानाचा असतो. टायरच्या दाबासमोर तोच कॉम्प्रेसर घड्याळ लावून मोजला तर मिनिटाला २५ लिटरच देत होता. म्हणजे नऊ मिनिटे सलग. वीस मिनिटांत दहा मिनिटे चालवावा, अशी त्याच्या माहितीपत्रकातील सूचना होती; जानेवारीच्या थंडीत ती मर्यादा कशीबशी पाळली गेली आणि मी खूश झालो. मेमध्ये, बंद बोनेटखाली, एक्झॉस्टच्या शेजारी ती पाळली जाणे शक्यच नव्हते.

सर्वेक्षणवाल्या साहेबांनी इंजिनच्या पट्ट्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची कल्पना सुचवली. एसीचा कॉम्प्रेसर हवेसाठी वापरला की हवा भरपूर मिळते हे खरे, पण हवेबरोबर तेलही येते, ते वेगळे काढावे लागते. आणि मे महिन्यात नागपूरकराच्या गाडीतला एसी काढून घेण्याचे धाडस मला झाले नाही. शेवटी दोन मोटरांचा, सतत चालू शकणारा कॉम्प्रेसर घेतला, जो ३० पीएसआयच्या दाबासमोर मिनिटाला शंभर लिटरच्या वर हवा देतो. तो बोनेटखाली न ठेवता मागच्या सीटखाली बसवला, जिथे धूळ कमी आणि उष्णता सहन होण्यासारखी असते.

सीटखाली नेल्यावर तारेचा प्रश्न आला. बॅटरीपासून जाऊन-येऊन आठ मीटर तांब्याची तार. ४ चौरस मिलिमीटरची घातली तर ३० अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच जातो, आणि हा कॉम्प्रेसर तर ५० अँपिअरच्या आसपास घेतो. म्हणून प्रत्येक मोटरला १० चौरसची वेगळी तार आणि बॅटरीच्या अगदी जवळ वेगळा फ्यूज दिला. कॉम्प्रेसरच्या डोक्यातून निघणारी हवा चटका बसेल इतकी गरम असते, म्हणून पहिला हातभर भाग स्टीलच्या जाळीचा होज, नायलॉनची नळी त्याच्या पुढे. लॉकसाठी एक लिटरची स्वतंत्र टाकी, तिच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि दाब १०० वर रोखणारा रेग्युलेटर बसवला, जेणेकरून टायर कितीही हवा ओढो, ही टाकी रिकामी होणार नाही. डॅशबोर्डचा दिवा बटणावरून काढून सोलेनॉइडच्या पुढच्या नळीतील प्रेशर स्विचवर घेतला. आता नळीत दाब आल्याशिवाय तो उजळत नाही.

चाचणी मुद्दाम दुपारी तीन वाजता, बोनेट बंद, इंजिन सुरू ठेवून घेतली. चार टायर १८ वरून ३२ वर आणायला, होज एका चाकावरून दुसऱ्यावर नेण्याचा वेळ धरून, साडेचार मिनिटे लागली. चौथ्या टायरला होज लावलेला असतानाच चालकाला बटण दाबायला सांगितले. मागून 'खट्' झाले, मगच दिवा उजळला.

नव्या सामानाचे पैसे घेतले, मजुरी लावली नाही. साहेबांनी त्यावर वाद घातला, पण जानेवारीतल्या बिलात मजुरी आधीच होती.