तळाचा काळा गाळ

आमचं गाव विट्याजवळ, खानापूर तालुक्यात. तिकडे घरोघरी गलाईवाले. वडिलांनी पुण्यात येऊन रविवार पेठेत भट्टी लावली, तीच आता मी चालवतो. सोनारांची झाडणावळ, कीस, मोडीचे दागिने गाळून चोख सोनं काढून द्यायचं, हे रोजचं काम.

काल दुपारी एक मुलगा पाच लिटरचा कॅन घेऊन आला. आत गडद हिरवं पाणी.

"काका, यात सोनं आहे. काढून द्याल?"

जुन्या बाजारातून त्याने कॉम्प्युटरचा माल किलोवर घेतला होता, रॅमच्या पट्ट्या आणि प्रोसेसर. व्हिडिओ बघून सगळं घरच्या गॅलरीत तेजाबात टाकलं. नायट्रिक एक भाग, हायड्रोक्लोरिक तीन भाग. दुकानदाराने दोन्ही बाटल्या एका शब्दाने न विचारता दिल्या. अशा माणसांचा मला संताप येतो. त्या मिश्रणाचा तांबूस धूर छातीत गेला की तेव्हा नुसता खोकला येतो, खरा त्रास कधीकधी काही तासांनी, रात्री सुरू होतो. घरात दहा महिन्यांची मुलगी आहे म्हणाला.

मी कापसाच्या काडीवर पाण्याचा थेंब घेतला, वर कथील क्लोराईडचा थेंब सोडला. सोनं नावापुरतं असलं तरी डाग जांभळा पडतो. पडला नाही. तीनदा केलं. तो काडीकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

"तांबं शिल्लक राहिलं होतं का?"

"हो, बरंच."

तिथेच मला कळलं. तेजाबात सोनं विरघळतं, पण जवळ तांबं उरलेलं असेल तर ते पाण्यात टिकत नाही. तांबं विरघळत जातं आणि सोनं काळ्या भुकटीसारखं खाली बसतं. पिवळं तर दिसतच नाही, राख वाटते. म्हणून आम्ही आधी नुसत्या नायट्रिकने तांबं खाऊन टाकतो. सोन्याचे पापुद्रे सुटे होतात, ते गाळून धुतो, आणि मग मिश्र तेजाब. शेवटी मुशीत टाकणखार घालून वितळवायचं. त्या व्हिडिओत सुरुवातीचं भांडं आणि शेवटचा पिवळा रवा एवढंच असतं. मधलं सगळं कापलेलं.

"तळाला काळा गाळ होता?"

"होता ना. घाण होती ती, बेसिनमध्ये ओतली."

मग त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. सहा पेंटियम प्रो प्रोसेसर, १९९५ साली बाजारात आलेले, सिरॅमिकचे, सोनेरी झाकणाचे. एकेकात फार तर पाव-तृतीयांश ग्रॅम सोनं. पण पिना सरळ, अंगावर ओरखडा नाही, असा नग जुन्या वस्तू जमवणारे सोन्याच्या भावापेक्षा जास्त देऊन घेतात. तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात बसणारा माझा मित्र असे नग आल्यावर वितळवू देत नाही, जपून बाजूला ठेवतो. ह्या पोराने सहाच्या सहा बुडवले.

"म्हणजे यात सोनं नाही?"

"या पाण्यात नाही," मी म्हणालो.

नरो वा कुंजरो वा. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळी तो परत दोन किलो माल घेऊन गॅलरीत बसला असता. मला ती मुलगी दिसत होती. कॅन ठेवून घेतला. शिसं-तांब्याचं ते पाणी आमच्या टाकाऊ तेजाबाबरोबर जाईल, गटारात नाही. घरी पुन्हा करू नकोस, माल मिळाला तर अख्खा घेऊन ये, असं निक्षून सांगितलं. त्याने मान हलवली.

उठताना म्हणाला, "म्हणजे त्या भंगारवाल्याने खोटा माल दिला. बुधवारी बाजार भरला की बघतोच त्याला."

मी गप्प बसलो. समोर गिऱ्हाईक होतं, भट्टी पेटलेली होती. पण खरं कारण ते नव्हतं. त्या भंगारवाल्याने चोख माल दिला होता, आणि हे पुण्यात मला एकट्यालाच माहीत आहे.

उद्या बुधवार. कॅनच्या पावतीवर त्याचा नंबर लिहिलेला आहे.