तुम्ही विचारलंत म्हणून : केतुबातला मजकूर बदलता येतो का?

मी केतुबा लिहिते. म्हणजे यहुदी लग्नाचा करारनामा, हिब्रू अक्षरांत, टाकाने. (तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, लिहायची मुभा आमच्याकडे बायकांना नाही, केतुबा लिहायची आहे.) आम्हा बेने इस्रायलींत, म्हणजे इथल्या मराठी यहुद्यांत, लग्न ठरलं की फोन येतो आणि तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच : "मावशी, मजकूर आम्हाला हवा तसा करता येईल ना?" काही जण तर स्वतःच रचलेला मजकूर व्हॉट्सॲपवर धाडून मोकळे होतात. त्यात चांदणं असतं, समुद्र असतो, जन्मोजन्मीची साथ असते. जन्मोजन्मीची, आणि तीही केतुबात!

जुना मजकूर अरामी भाषेत आहे, कळत नाही, म्हणून लोकांना ती कविता वाटते. तो आहे रोखा. नवरा लिहून देतो की मी कष्ट करीन, तुझा मान राखीन, तुला पोशीन. आणि घटस्फोट झाला किंवा मी आधी गेलो तर दोनशे झुझ, म्हणजे जुनी चांदीची नाणी, तुझं देणं. नवरी आधीच विधवा किंवा घटस्फोटित असेल तर शंभर. त्या देण्याचा बोजा त्याच्या सगळ्या मालमत्तेवर, अगदी 'खांद्यावरच्या वस्त्रासकट'. हे शब्द माझे नाहीत, मजकुरातलेच आहेत. कुठल्या प्रेमपत्रात इतकं ठोस काही असतं?

रोखा म्हणजे किती रोखा, ते मला एका लग्नात नीट कळलं. संध्याकाळी साडेपाचचं लग्न, ठाण्यात. नवऱ्याची गाडी घोडबंदर रोडला अडकली. तो पोचला तेव्हा सूर्य मावळलेला, सह्या व्हायच्या बाकी. आपला यहुदी दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणजे केतुबावरची तारीख कालची झाली. मागची तारीख टाकलेला रोखा चालत नाही. कारण मधल्या वेळात नवऱ्याने जमीन विकली असती तर तिच्यावरही बोजा चढला असता आणि घेणारा नाहक बुडाला असता. नवऱ्याकडे जमीन कुठली, वन बीएचके होता, तोही कर्जावर. पण नियम तो नियम. पिशवीत कोरी प्रत होती म्हणून निभावलं. जेवणाचं टेबल पुसून लिहायला बसले, वऱ्हाडी मंडळी ताटकळली.

मग बदलायचं काय? आईचं नाव वडिलांच्या जोडीला घाला, मी आनंदाने लिहिते. मूळ रकमेवरची वाढीव रक्कम तुम्ही ठरवा. इस्राएलमध्ये तिथे अठराच्या पटीतले शेकेल लिहायची हौस आहे, कारण 'हाय' म्हणजे 'जिवंत' या शब्दाच्या हिब्रू अक्षरांचे आकडे मिळवले की अठरा भरतात. 'बेतुल्ता', म्हणजे कुमारिका, हा शब्द आजच्या मुलींना खुपतो. मलाही खुपतो. पण तिथे माझं चालत नाही, लग्न लावणाऱ्यांना विचारा.

खरा बदल मला आवडतो तो अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह या यहुदी पंथाचा. 1950च्या दशकात त्यांनी धर्मपंडित सॉल लीबरमन यांच्या नावाने ओळखलं जाणारं कलम घातलं : दोघांपैकी कोणीही बोलावलं तर दुसऱ्याने धर्मन्यायालयासमोर यायचं. नवऱ्याने 'गेट', म्हणजे धार्मिक घटस्फोटपत्र, अडवून बायकोला लटकत ठेवू नये, यासाठी. चांदण्यापेक्षा हे कलम कधीही भारी.

तुमची कविता मी टाकून देत नाही. चौकटीबाहेर, वेलबुट्टीत, मराठीत लिहिते. तिथे निदान 'ठाणे' तरी धड लिहिता येतं. हिब्रूत ना ठ, ना ण.

तेव्हा नावं पाठवाल ती आधार कार्डावरची नकोत, सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनामंदिरात, तोरासमोर पुकारतात ती पाठवा. आणि लग्नाची वेळ पत्रिकेवरची नको, खरी सांगा.