आधी कोणता कागद काढायचा?

परदेशी राहायला जायचं ठरलं की माणसं मला फोन करतात. काही नात्यातली, काही जुन्या सहकाऱ्यांच्या घरची, काही अगदी अनोळखी. पाच मिनिटं आनंदाचं बोलणं होतं आणि मग प्रश्न येतो, जवळपास एकाच शब्दांत: "रेसिडेन्स व्हिसाची यादी आली आहे, पंधरा-सोळा कागद आहेत. आधी कोणता काढू?" परवा तुम्हीही हेच विचारलंत. मी घाईत होते, उत्तर अर्धवट राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट बसून लिहिते.

जो कागद कधी शिळा होत नाही तो आधी काढा. जो सगळ्यांत लवकर शिळा होतो तो शेवटी. यादीतला क्रम हा फाइल तपासणाऱ्याच्या सोयीचा असतो. आपण मात्र एक नंबरपासून कामाला लागतो आणि एकेक खूण करत खाली येतो.

मी तेच केलं होतं. आमच्या यादीत पोलिसांचा चारित्र्याचा दाखला दुसऱ्या क्रमांकावर होता आणि तो मिळायला सोपा होता, म्हणून पहिल्याच पंधरवड्यात काढून ठेवला. मग विवाह नोंदणीच्या दाखल्याची नवी प्रत, मुलीच्या जन्मदाखल्यातली दुरुस्ती, शिक्के, भाषांतर. अपॉइंटमेंटचा स्लॉट मिळाला तोवर पोलिसांच्या दाखल्याला तीन महिने आणि चार दिवस झाले होते. व्हिसा कार्यालयाला तीन महिन्यांच्या आतला हवा होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी तारखेखाली बोट ठेवलं, कॅलेंडरवर आठवडे मोजले, पुन्हा एकदा मोजले आणि फाइल हळूच माझ्याकडे सरकवली. त्यांना वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं. पण त्या चार दिवसांचं त्या काही करू शकत नव्हत्या. पुढचा स्लॉट नऊ आठवड्यांनी मिळाला. नवऱ्याची कामावर रुजू व्हायची तारीख ठरलेली होती, तो पुढे गेला. मी आणि तीन वर्षांची मुलगी मागे राहिलो. रोज रात्री ती फोनच्या पडद्याला हात लावून झोपायची. क्रमाबद्दल मी इतकी हट्टाने बोलते ती त्या नऊ आठवड्यांमुळे.

तेव्हा यादी हातात घ्या आणि प्रत्येक कागदापुढे त्याचं आयुष्य लिहा. पदवी, गुणपत्रिका, अनुभवाचं पत्र यांना सहसा मुदत नसते. जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांना खरं तर मुदत नाही, पण पुष्कळ देशांना त्यांची हल्ली काढलेली प्रत लागते, तेव्हा यादीतलं ते वाक्य दोनदा वाचा. आयईएलटीएसचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, निकाल दोन वर्षं चालतो. ब्रिटनला लागणारा क्षयरोग तपासणीचा दाखला सहा महिने, कॅनडाची वैद्यकीय तपासणी बारा महिने. सगळ्यांत अल्पायुषी बँकेचे कागद. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आतला लागतो. म्हणजे पैसे आधी जमवून ठेवा, पण स्टेटमेंट अर्ज भरायच्या आठवड्यातच काढा. एक दिवस जरी शिल्लक ठरलेल्या आकड्याखाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पण या सगळ्याच्या आधी पासपोर्ट. बरेच देश पासपोर्टच्या मुदतीपलीकडे राहण्याचा परवाना देत नाहीत. पासपोर्टची सव्वा वर्षं उरली असतील तर दोन वर्षांचा परवाना मंजूर होऊनही हातात येतो सव्वा वर्षाचाच. शिवाय मध्येच पासपोर्ट बदलला की नंबर बदलतो आणि जुना नंबर लिहिलेला प्रत्येक कागद समजावून सांगत बसावं लागतं. मुदत कमी असेल तर नवा पासपोर्ट आधी घ्या, बाकी सगळं त्याच्यामागून.

पासपोर्ट हातात आहेच तर फोटोच्या पानाच्या तळाशी बघा. तिथे यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. पहिल्या ओळीत नावासाठी ३९ जागा असतात. त्यापेक्षा लांब नाव कापलं जातं. तिथे फक्त रोमन लिपीतली साधी मोठी अक्षरं बसतात, मात्रा-टिंबं असलेली युरोपीय अक्षरं नाहीत. त्या देशाच्या दृष्टीने तुमचं नाव पासपोर्टवर आहे तेच. घरचे काय हाक मारतात, पदवीवर काय आहे, सही काय करता, हे नंतर. आडनावाच्या रकान्यात काय छापलंय आणि नावाच्या रकान्यात काय, ते एका कोऱ्या कागदावर अक्षरन् अक्षर उतरवा आणि यादीतला प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून बघा. एक ए जास्त, एक एच कमी, लग्नाआधीचं आडनाव, मधलं नाव कुठे आहे कुठे नाही. हे सगळं घरी बसून सापडलं तर दुरुस्तीला वेळ असतो. खिडकीवर सापडलं तर नसतो. जे दुरुस्त होण्यासारखं नाही, उदाहरणार्थ फार जुनी पदवी, त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र करतात. पण ते चालतं का, हे आधी विचारून घ्या. काही ठिकाणी चालत नाही.

आता अपॉस्टिल. हा शब्द ऐकूनच लोक दबकतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

एका देशाचा दाखला दुसऱ्या देशाने खरा कसा मानायचा, हा मूळ प्रश्न. पूर्वी त्यासाठी साखळी होती: आधी स्थानिक अधिकारी, मग वरचं खातं, मग परराष्ट्र खातं, मग त्या देशाचा दूतावास. प्रत्येकाने आधीच्याची सही ओळखून आपली करायची. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने ती साखळी तोडून शेवटी एकच प्रमाणपत्र ठेवलं, तेच अपॉस्टिल. चौकोनी, बाजू किमान ९ सेंटीमीटर, आत १० क्रमांकित नोंदी आणि देश कोणताही असो, शीर्षक फ्रेंचमध्ये. भारतासाठी हा करार २००५ पासून लागू आहे, चीनसाठी नोव्हेंबर २०२३ पासून, कॅनडासाठी जानेवारी २०२४ पासून. या तारखा मुद्दाम सांगते. कॅनडाला २०२२ साली गेलेला मित्र अगदी मनापासून सल्ला देईल आणि तो आज चुकीचा असेल. सदस्य देश दुसऱ्या देशाच्या प्रवेशाला हरकतही घेऊ शकतो, मग त्या दोघांमध्ये अपॉस्टिल चालत नाही. जर्मनीने भारताच्या बाबतीत अशी हरकत घेतलेली आहे. तेव्हा दोन्ही देश कराराच्या यादीत आहेत एवढं पाहून थांबू नका.

अपॉस्टिल काय सांगतं? सही खरी आहे, सही करणारा त्या पदावर होता, शिक्का खरा आहे. बस. आतला मजकूर बरोबर आहे असं ते म्हणत नाही. म्हणून दाखल्यात चूक असेल तर आधी दुरुस्ती, मग अपॉस्टिल. चुकीच्या दाखल्यावर घेतलेलं अपॉस्टिल चूक तशीच पुढे नेतं. आणखी एक, सहसा कोणाच्या लक्षात येत नाही असं: दूतावासाने किंवा वकिलातीने स्वतः दिलेल्या कागदांना हा करार लागूच नाही. मुलाचा जन्म परदेशात झाला आणि दाखला वकिलातीकडून घेतला असेल तर त्याचं काय करायचं, ते वेगळं विचारावं लागतं.

आणि कृपा करून पिन काढू नका. आमच्या विवाह दाखल्याला अपॉस्टिलचं पान मागून जोडलेलं होतं. कोपऱ्यात पिन, आणि दोन्ही पानांवर मिळून पडलेला एक गोल शिक्का, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. स्कॅनरवर कागद सपाट बसेना, खालची ओळ सारखी कापली जात होती. मी पिन उचकटली, दोन्ही पानं छान स्कॅन केली आणि नवी पिन जुन्याच भोकांतून मारली. माझ्या डोळ्यांना काही फरक दिसत नव्हता. भाषांतर करणाऱ्या बाईंनी मात्र कागद उजेडात तिरका धरला आणि विचारलं, "हे कधी उघडलं होतं का?" शिक्क्याच्या दोन अर्ध्यांमध्ये केसभर अंतर पडलं होतं. एका भोकाची कड फाटून पांढरी झाली होती. उघडलेली जोडणी म्हणजे पान बदललं असल्याची शंका, आणि त्यांना त्यावर आपली सही घालता येत नव्हती. दाखल्याची प्रत नव्याने, अपॉस्टिल नव्याने. स्कॅन करायचं असेल तर पान दुमडून करा, कोपरा काळा आला तरी चालेल.

भाषांतर अपॉस्टिलच्या नंतर करा, कारण बहुतेक वेळा अपॉस्टिलचंही भाषांतर लागतं. आधी करून घेतलं तर पैसे दोनदा जातात. भाषांतरकार कोण चालतो हेही त्या देशाने ठरवलेलं असतं. स्पेनमध्ये शपथबद्ध भाषांतरकाराची नेमणूक परराष्ट्र मंत्रालय करतं, फ्रान्समध्ये अपील न्यायालयांच्या याद्या असतात. भाषा उत्तम येणारा मित्र इथे उपयोगाचा नाही.

अर्ज, फोटो, विमा, फी याबद्दल फार लिहीत नाही. ते यादीत स्पष्ट असतं. फक्त सगळ्या तारखा दिवस-महिना-वर्ष आहेत की महिना-दिवस-वर्ष, तेवढं बघा. ३ एप्रिल आणि ४ मार्च यांची अदलाबदल मी दोन घरांत पाहिली आहे.

व्हिसा लागला की लोकांना वाटतं, सुटलो. मलाही वाटलं होतं. पण पुष्कळ देशांत तो व्हिसा म्हणजे आत शिरायची परवानगी, राहायचा परवाना तिथे पोचल्यावर मागायचा. त्यालाही घड्याळ लागलेलं असतं. इटलीत ८ कामकाजाच्या दिवसांत अर्ज करायचा. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत पत्त्याची नोंद. स्पेनमध्ये ओळखपत्रासाठी अर्ज करायला १ महिना. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीचा व्हिसा ३ महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यायचा. सामान उतरवण्याच्या, शाळा शोधण्याच्या गडबडीत हे दिवस कसे जातात कळत नाही. म्हणून मूळ कागदांची फाइल विमानात स्वतःजवळ ठेवा, सामानात देऊ नका. आणि घर घेताना घरमालकाला आधीच विचारा: "आमच्या नावाने पत्त्याची नोंद करू द्याल ना, तसा कागद द्याल ना?" काही मालक देत नाहीत. घर कितीही चांगलं असलं तरी असं घर सुरुवातीला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पत्ता नाही तर बँक नाही, बँक नाही तर पगार नाही, आणि पगाराच्या चिठ्ठीशिवाय पुढचं घर नाही.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. सहसा कोणीच विचारत नाही. परवान्याचं नूतनीकरण चालू असतं तेव्हा हातात फक्त पावती असते. त्या पावतीवर देशात राहता येतं, पण बाहेर जाऊन परत येता येईलच असं नाही. देशागणिक नियम वेगळा. आमच्या तिसऱ्या वर्षी माझं परवान्याचं कार्ड असं मध्ये अडकलेलं असताना वडिलांना दवाखान्यात हलवलं. भाऊ म्हणाला, "ताई, जमेल तशी ये." आणि मला जमत नव्हतं. गेले असते तर मुलगी आणि नवरा इकडे, मी तिकडे, आणि परतीची खात्री नाही. दोन रात्री मी त्या पावतीकडे बघत काढल्या. तिसऱ्या दिवशी कार्यालयाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका वयस्कर बाईंनी सांगितलं की परत येण्याची तात्पुरती परवानगी वेगळी मागता येते, आजारपणाचा कागद जोडायचा. ती मिळायला सहा दिवस लागले. मी पोचले तेव्हा बाबा शुद्धीवर होते, बोलत होते. पहिल्या दिवशी अर्ज केला असता तर दोन दिवस जास्त मिळाले असते त्यांच्याजवळ.

तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज द्याल त्याच दिवशी, त्याच खिडकीवर विचारा: या पावतीवर बाहेर जाऊन परत येता येतं का, नसेल तर परवानगी कुठे मिळते आणि किती दिवसांत. उत्तर लिहून घ्या आणि पावतीच्याच पाकिटात ठेवा.

तुम्ही तुमच्या यादीचा फोटो पाठवला होतात, त्यात पासपोर्टची मुदत दिसत नव्हती. तुमची, वहिनींची आणि दोन्ही मुलांची, चारही तारखा आज रात्री बघून मला कळवा. मुलांची खास बघा, लहान मुलांचा पासपोर्ट पुष्कळदा कमी वर्षांचा असतो. रविवारी सकाळी मी मोकळी आहे, फोनवर बसून चौघांचा क्रम लावू.